संत्र्याचा आंबटपणा कुणाला पचत नाही?

संत्र्याची फोड तोंडात टाकली की जीभ कशी झणझणते! त्या आंबटगोड चवीतला आंबट वाटा सायट्रिक आम्लाचा. तुम्हाला तो आवडतो, मलाही आवडतो, आणि रात्री बागेत येऊन फळाला भोक पाडून रस शोषणाऱ्या पतंगाला तर फारच आवडतो. पण एक जीव असा आहे, की सायट्रिक आम्लापासून बनवलेलं मीठ त्याच्यापुढे ठेवलं आणि दुसरं काहीच खायला दिलं नाही, तर तो उपाशी राहतो. सगळीकडे अन्न असतं आणि हा मात्र खंगून जातो.

हा जीव या क्षणी तुमच्या पोटात आहे. एकदोन नव्हे, कोट्यवधी. त्याचं नाव एशेरिकिया कोलाय. सगळे त्याला ई. कोलाय म्हणतात. आणि त्याच्या या न खाण्याचा उपयोग करून माणसानं एक फार मोठा प्रश्न सोडवला: विहिरीच्या पाण्यात सापडलेले जिवाणू पालापाचोळ्यातून आले, की कुणाच्या शौचातून?

शेंदूरजनाघाटला हा प्रश्न अगदी घरचा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यातलं हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ वसलेलं आहे. वरुड-मोर्शीच्या पट्ट्याला लोक विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात, ते इथल्या संत्र्यांमुळे. इथे नुसत्या बागा नाहीत, रोपवाटिकाही आहेत. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून तयार केलेली इथली कलमं दूरदूरच्या शेतांत जातात. पण संत्र्याला पाणी लागतं, आणि ते जमिनीच्या पोटातूनच उपसावं लागतं. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, बोअर आणखी खोल जातात. मग मृगाचा पाऊस येतो. पहिलं पाणी रानातून, गोठ्यातून, उकिरड्यावरून, उघड्यावर लोक बसतात तिथून धावत येतं आणि त्यातलं काही विहिरीत उतरतं. चार दिवसांनी गाळ खाली बसतो. पाणी पुन्हा नितळ. आजी म्हणते, "पानी त साजरं दिसते ना बाप्पा, काय होते पेल्यानं!"

दिसण्यावर जाऊन इथे भागत नाही. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात पाणी खारट असतं, ते जीभ लगेच सांगते. जिवाणूंना चव नाही, रंग नाही. पेलाभर नितळ पाण्यात ते हजारोंनी पोहत असले तरी पेला तसाच चकचकीत दिसतो.

मग त्यांना ओळखायचं कसं?

सूक्ष्मदर्शकाखाली बघावं म्हणाल, तर तिथे मोठीच पंचाईत होते. १८८५ मध्ये जर्मनीतल्या म्युनिक शहरात थिओडोर एशेरिक नावाचे बालरोगतज्ज्ञ तान्ह्या बाळांच्या शीचा अभ्यास करत होते. ऐकून नाक मुरडू नका. बाळाच्या आतड्यात कोणते जिवाणू कधी येतात आणि त्यांचा बाळाच्या पचनाशी काय संबंध, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांना एक आखूड दंडाकार जिवाणू सापडला. तो एवढा लहान, की एका मिलिमीटरच्या अंतरात असे पाचशे जिवाणू एकापुढे एक झोपवता येतील. पुढे याच डॉक्टरांचं नाव त्या जिवाणूला मिळालं. पण मातीतले, पानांवरचे, गटारातले असे कितीतरी जिवाणू दिसायला नेमके असेच: तसेच आखूड दंड, जिवाणू रंगवून बघायच्या ग्रॅमच्या पद्धतीनंतर तसेच गुलाबी. रोपवाटिकेतला जाणकार माणूस पान चुरून, वास घेऊन रोप कोणत्या जातीचं ते सांगतो. जिवाणूला ना पान, ना देठ. चेहऱ्यावरून त्याची ओळख पटतच नाही.

म्हणून शास्त्रज्ञांनी वेगळा रस्ता धरला. तू दिसतोस कसा हे विचारणं सोडून त्यांनी विचारायला सुरुवात केली: तू खातोस काय? आणि खाऊन झाल्यावर मागे सोडतोस काय? मला विचाराल तर जीवशास्त्रातल्या सगळ्यात हुशार युक्त्यांपैकी ही एक आहे.

पहिला प्रश्न दुधातल्या साखरेचा. तिला लॅक्टोज म्हणतात. आतड्यात राहणाऱ्या ई. कोलायला आणि त्याच्या काही भाईबंदांना लॅक्टोज पचतं. टायफॉइडच्या जिवाणूला पचत नाही. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या आल्फ्रेड मॅककॉन्की यांनी १९०५ मध्ये याचा फार सुंदर उपयोग केला. जिवाणूंसाठी त्यांनी बनवलेल्या खाद्यात लॅक्टोज होतं, पित्तातले क्षार होते आणि न्यूट्रल रेड नावाचा रंग होता. पित्त कशाला? आतड्यात पित्त असतंच, त्यामुळे तिथल्या रहिवाशांना त्याची सवय असते. बाहेरचे बरेचसे जिवाणू मात्र त्यात वाढू शकत नाहीत. जो लॅक्टोज खातो तो आम्ल तयार करतो, आणि आम्लामुळे त्याची वसाहत गुलाबी-लाल होते. जो खात नाही त्याची वसाहत फिक्कट राहते. आजही कुठल्याही मायक्रोबायोलॉजीच्या प्रयोगशाळेत जा, मॅककॉन्की अगारच्या गुलाबी ठिपक्यांच्या थाळ्या तुम्हाला दिसतीलच.

लॅक्टोज खाताना हे जिवाणू वायूही सोडतात. तो पकडण्यासाठी परीक्षानळीत एक चिमुकली नळी उलटी बुडवून ठेवतात. तिला डरहॅमची नळी म्हणतात. रात्रभर उबेत ठेवल्यावर सकाळी त्या चिमुकल्या नळीच्या टोकाशी बुडबुडा दिसला, की समजायचं, वायू झाला. जे जिवाणू ३५ ते ३७ अंश सेल्सिअसला ४८ तासांच्या आत लॅक्टोजपासून आम्ल आणि वायू तयार करतात, ग्रॅमच्या रंगात गुलाबी दिसतात आणि बीजाणू बनवत नाहीत, त्यांना मिळून कोलिफॉर्म म्हणतात.

इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घेऊ. आपल्याला भीती आहे ती कॉलरा, टायफॉइड, काविळीची. मग त्यांनाच का शोधत नाहीत? कारण ते पाण्यात क्वचित असतात, थोडे असतात आणि प्रत्येकाला शोधायची तऱ्हा वेगळी. ई. कोलाय मात्र प्रत्येक माणसाच्या आणि जनावराच्या शौचात हमखास असतो, भरपूर असतो. त्यातले बहुतेक बिचारे निरुपद्रवी असतात. आपल्या आतड्यात ते थोडं के जीवनसत्त्वसुद्धा बनवतात. काही जाती मात्र जुलाबाचा त्रास देतात. ई. कोलाय पाण्यात सापडला याचा अर्थ, त्या पाण्यात शौच मिसळलं आहे. आणि ज्या वाटेनं हा आला त्याच वाटेनं कॉलराही येऊ शकतो. जुलै २०२२ मध्ये आपल्याच अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यात, पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत असंच झालं. विहिरीचं दूषित पाणी पिऊन कितीतरी माणसं आजारी पडली, काहींचा जीव गेला. कॉलऱ्याची साथ होती ती. म्हणून ही तपासणी मला नुसती मजेची वाटत नाही.

आता खरी अडचण. कोलिफॉर्म सापडले म्हणजे शौच मिसळलंच, असं नाही! एरोजेनिस नावाचा एक कोलिफॉर्म मातीत आणि झाडपाल्यावर सुखानं राहतो. त्यालाही लॅक्टोज पचतं, तोही वायू सोडतो, मॅककॉन्कीच्या थाळीवर तोही गुलाबीच दिसतो. (पुस्तकांत त्याचं नाव बरीच वर्षं एंटरोबॅक्टर एरोजेनिस होतं; आता त्याला क्लेब्सिएला एरोजेनिस म्हणतात.) पहिल्या पावसात पालापाचोळा विहिरीत गेला तर हाही सापडणार. मग फरक करायचा कसा?

त्यासाठी चार चाचण्यांचा एक संच आहे. त्याला इम्विक म्हणतात: इंडोल, मिथाइल रेड, व्होगेस-प्रोस्कॉअर आणि सायट्रेट. चार नळ्या, चार प्रश्न, प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही.

इंडोलपासून सुरू करू, कारण तिथे एक गंमत आहे. प्रथिनांमध्ये ट्रिप्टोफॅन नावाचा एक घटक असतो. ई. कोलाय तो तोडतो आणि इंडोल मागे टाकतो. नळीत कोव्हॅक्सच्या द्रावणाचे थेंब टाकले की ते वर तरंगतं, आणि इंडोल असेल तर त्या थरात चेरीच्या रंगाचं लालभडक कडं उमटतं. एरोजेनिसच्या नळीत कडं पिवळंच राहतं. आता गंमत ऐका. इंडोल भरपूर असलं तर त्याला शौचासारखा घाण वास येतो. पण अगदी अंशानं असलं, तर तेच सुवासात भर घालतं! मोगऱ्यात ते असतं, आणि संत्रावर्गीय झाडांच्या फुलांतही असतं. आंबिया बहार फुटतो तेव्हा शेंदूरजनाघाटच्या बागांवरून जो सुगंध दरवळतो, त्यात या पदार्थाचा अंश असतो. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पुन्हा एकदा वाचावं लागलं.

मिथाइल रेडची चाचणी सोपी. ग्लुकोज खाऊन ई. कोलाय इतकी आम्लं तयार करतो की मिथाइल रेड लाल राहतं. एरोजेनिस आम्ल कमी तयार करतो, नळी पिवळी पडते. ही पद्धत १९१५ मध्ये क्लार्क आणि लब्ज यांनी बसवली.

मग एरोजेनिस त्या ग्लुकोजचं करतो तरी काय? तो बरंचसं ग्लुकोज असिटोइन नावाच्या पदार्थाकडे वळवतो. १८९८ मध्ये ओटो व्होगेस आणि बर्नहार्ड प्रोस्कॉअर यांना दिसलं, की अशा जिवाणूंच्या नळीत पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून ती उघडी ठेवली की लालसर रंग चढतो. का चढतो, ते मात्र नंतर कळलं: हवेतल्या ऑक्सिजनमुळे असिटोइनचं डायअसिटिल होतं, आणि त्यातून पुढे तो रंग येतो. डायअसिटिल तुमच्या ओळखीचं आहे. लोण्याला जो खमंग वास असतो, त्यात मोठा हात त्याचाच.

आणि आता आपलं सायट्रेट. म्हणजे सायट्रिक आम्लाचं मीठ. १९२० च्या दशकात अमेरिकेत स्टुअर्ट कोसर यांनी एक अगदी सरळ प्रयोग केला. अन्न म्हणून त्यांनी फक्त सायट्रेट दिलं. कार्बन मिळवायचा तर त्यातूनच. शौचातून आलेले ई. कोलाय वाढलेच नाहीत. मातीतले एरोजेनिस मजेत वाढले. कोसर यांनी हे नीट ताडून पाहिलं आणि दाखवून दिलं, की सायट्रेट खाता येणं किंवा न येणं याचा संबंध त्या जिवाणूच्या राहण्याच्या जागेशी आहे. जेवणावरून घराचा पत्ता!

ही चाचणी बघायला फार देखणी असते. १९२६ मध्ये सिमन्स यांनी कोसर यांच्या द्रावणात अगार मिसळून ते घट्ट केलं आणि त्यात ब्रोमोथायमॉल ब्लू घातला. परीक्षानळी तिरकी ठेवून ते गोठवतात, त्यामुळे आत एक उतार तयार होतो. रंग गर्द हिरवा, संत्र्याच्या जुन्या पानाचा असतो तसा. सुईच्या टोकावर अगदी किंचित जिवाणू घेऊन त्या उतारावरून एक रेघ ओढायची आणि नळी ३७ अंशांच्या उबेत ठेवायची. दुसऱ्या दिवशी काढून बघा. ई. कोलायची नळी होती तशीच हिरवी. एरोजेनिसची नळी रेघेपासून निळी होत चाललेली असते, आणि थोड्याच वेळात सगळा उतार गर्द निळा होतो. कारण असं, की सायट्रेट खाल्लं की आजूबाजूला अल्क तयार होतं, सामू वर चढतो आणि ब्रोमोथायमॉल ब्लू निळा पडतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूनं जेवून घेतल्याची बातमी तुम्हाला हातभर अंतरावरून दिसते.

म्हणजे बघा, चार उत्तरं मांडली तर ई. कोलायची होतात हो, हो, नाही, नाही. एरोजेनिसची बरोबर उलटी: नाही, नाही, हो, हो. मधलेही काही असतात. सिट्रोबॅक्टर हा कोलिफॉर्म मिथाइल रेडला हो म्हणतो आणि सायट्रेटलाही हो म्हणतो. सायट्रेट खातो म्हणूनच त्याचं नाव तसं पडलं.

तुमच्यातला एखादा चौकस विचारेल, ई. कोलाय सायट्रेट खात का नाही? आवडत नाही म्हणून? तसं नाही. पेशीत शिरल्यावर सायट्रेट पचवायची यंत्रणा त्याच्याकडे आहे. सायट्रेट आत आणणारं वाहक प्रथिन बनवायचं जनुकसुद्धा आहे. पण ऑक्सिजन असताना ते जनुक बंद राहतं. दार बंद, म्हणून उपास!

हे दार एकदा उघडलं. तीही हकिगत सांगतोच. २४ फेब्रुवारी १९८८ रोजी अमेरिकेत रिचर्ड लेन्स्की यांनी १२ चंबूंमध्ये ई. कोलाय वाढवायला सुरुवात केली. रोज प्रत्येक चंबूतला शंभरावा भाग काढून ताज्या द्रावणात टाकायचा, बस. द्रावणात ग्लुकोज अगदी बेताचं, आणि सायट्रेट मात्र भरपूर, पण ते ई. कोलायच्या उपयोगाचं नव्हतं. वर्षांमागून वर्षं गेली. दर ५०० पिढ्यांनी थोडे जिवाणू गोठवून ठेवायचे, हाही नेम होता. २००३ मध्ये एक चंबू एकाएकी इतरांपेक्षा खूप गढूळ दिसला. आधी सगळ्यांना वाटलं, बाहेरचा कुणी जिवाणू शिरला. तपासलं तर तोच ई. कोलाय, त्याच घराण्यातला! सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर त्याला ऑक्सिजन असतानाही सायट्रेट खाता येऊ लागलं होतं. त्या वाहकाच्या जनुकाची एक जास्तीची नक्कल झाली होती आणि ती नेमकी अशा जागी बसली, जिथे ती ऑक्सिजन असतानाही चालू राहते. झाकरी ब्लाउंट यांनी गोठवलेले जुने जिवाणू पुन्हा जागे करून ही वाट शोधली. सायट्रेट खाणाऱ्या या ई. कोलायबद्दलचं संशोधन २००८ मध्ये प्रसिद्ध झालं; जनुकाच्या नकलेचा उलगडा त्यानंतर झाला. बाकीच्या ११ चंबूंत तोवर असं झालं नव्हतं. यावरून कळतं, कोसर यांची चाचणी इतकी वर्षं का टिकली: ई. कोलायला ही सवय लागणं फार दुर्मीळ आहे.

आज पाणी तपासताना प्रत्येक वेळी चारही नळ्या लावत नाहीत. बऱ्याच ठिकाणी नमुना ४४.५ अंशांना वाढवून बघतात, कारण आतड्यातला ई. कोलाय एवढी ऊब सहन करतो. आणि इंडोलनं त्याची खात्री करतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय सापडताच कामा नये. एकही नाही.

खेड्यातल्या लोकांना प्रयोगशाळा दूर पडते, यावर उपाय आपल्याच देशात निघाला. १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी एक छोटी बाटली तयार केली. तिच्यात औषध शोषलेला कागद असतो. पाणी भरायचं, झाकण लावायचं, उबदार जागी ठेवायची. शौचाबरोबर येणारे काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. तो कागदातल्या लोहाशी मिळून काळा होतो. पाणी काळं पडलं, की ते पाणी पिऊ नका. इथे साक्षीदार ई. कोलाय नाही, कारण तो हा वायू सहसा सोडत नाही. त्याच्या सोबतीनं आलेले दुसरे चुगली करतात. आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्याच्या दिवसांत तर त्या बाटलीला वेगळी ऊबही द्यावी लागत नाही.

एक सांगून ठेवतो: घरी जिवाणू वाढवून बघायच्या फंदात पडू नका. ते काम प्रयोगशाळेतच, शिक्षकांच्या देखरेखीखाली करायचं. काळी पडलेली बाटली उघडायची नाही, वास घ्यायचा नाही.

पण तुम्ही करू शकाल असं एक काम आहे. गावागावांत ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक पाण्याचे नमुने तपासणीला पाठवतात, विहिरीत आणि टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतात. पाण्याच्या स्रोताची पाहणी करून गावाला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड दिलं जातं. शेंदूरजनाघाटसारख्या गावात हे काम नगर परिषदेकडे असतं. तुमच्या गावाच्या कार्डाचा रंग कोणता, ते विचारून या. शाळेच्या पाण्याचा शेवटचा अहवाल गुरुजींकडे मागा. त्यात दोन ओळी शोधा: एक कोलिफॉर्मची, एक ई. कोलायची. त्या का वेगळ्या लिहिलेल्या असतात, हे आता तुम्हीच वर्गाला समजावून सांगू शकता. आणि ई. कोलायच्या ओळीत शून्याऐवजी दुसरं काही दिसलं, तर त्या दिवसापासून पाणी चांगलं खळखळ उकळूनच प्या, आणि ही गोष्ट घरच्या मोठ्यांच्या कानावर त्याच दिवशी घाला.